मूळ रिमेवर रेडियल घातला की ट्यूब पुन्हापुन्हा का जाते? (जुने ट्रक, २० इंची चाकं)

तक्रारीचा नमुना ठरलेला आहे. जुना ट्रक उभा केला, इंजिन बांधलं, केबिनचं कुजलेलं लाकूड बदललं, रंग झाला. टायरपाशी आल्यावर मूळ मापाचा नायलॉन (जुन्या पद्धतीचा, तिरप्या दोऱ्यांचा टायर) हवा तसा ताजा मिळेना, म्हणून रेडियल (आजच्या पद्धतीचे, आडव्या दोऱ्यांचे) घातले. रिमा मात्र मूळच्याच. गाडी छान चालते, आणि थोड्याच दिवसांत एका चाकाची हवा उतरते. ठिगळ लावलं, पुन्हा तेच चाक. नवी ट्यूब घातली, तीही गेली. मग आधी ट्यूबला शिव्या, नंतर टायर कंपनीला, आणि शेवटी "रेडियल जुन्या गाडीला चालतच नाहीत" असा निकाल.

निकाल घाईचा आहे. अशा बहुतेक चाकांत टायर निर्दोष निघतो. दोष रिमेत, फ्लॅपमध्ये (ट्यूब आणि रिमेमधली रबरी पट्टी) किंवा बसवण्याच्या पद्धतीत असतो, आणि तो नेमका कुठे आहे हे फाटलेली ट्यूबच सांगते. पण ती बघायची कोणी तसदी घेत नाही. पंक्चरवाला ती गुंडाळून कोपऱ्यात टाकतो आणि नवी फुगवायला घेतो.

मी इथे बोलतोय ते मुख्यतः टाटा-मर्सिडीजच्या काळातल्या ट्रकांबद्दल (१९५४ ते १९६९, बॉनेटवर तीन टोकांचा तारा होता तेव्हाचे), त्यानंतरच्या १२१० बद्दल, आणि कुर्ल्याच्या प्रीमियरमधून निघालेल्या डॉज-फार्गोंबद्दल. म्हणजे २० इंची, ट्यूबवाली, सुट्या रिंगेची चाकं (टायरला रिमेवर अडकवून धरणारी लोखंडी लॉक रिंग वेगळी निघते ती). १६ इंची जीपवाल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलं आहे.

आधी जिवाचं

सुट्या रिंगेच्या चाकाला पाना लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा. पूर्ण म्हणजे पूर्ण. जोडीच्या चाकात (मागे एकाला लागून एक अशी दोन असतात तिथे) आतल्याचीही. शंभर पौंड हवा म्हणजे दर चौरस इंचाला शंभर पौंड, आणि टायरच्या एका बाजूचं क्षेत्रफळ शेकडो चौरस इंच भरतं. रिंगेला बाहेर ढकलणारा जोर कित्येक टनांचा असतो. ती निसटली तर समोरच्या माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात हवं. नळीला चिमट्याचं तोंड आणि मध्ये मीटर, नळी एवढी लांब की भरणारा माणूस रिंगेच्या समोर नको, बाजूला उभा राहील. अमेरिकेत १९८० साली सुट्या रिंगेच्या चाकांसाठी कामगार सुरक्षेचा वेगळा नियम झाला, त्यातलं मुख्य कलम हेच. त्याच नियमात आणखी एक गोष्ट आहे जी आपल्याकडे रोज मोडली जाते: ठरलेल्या हवेच्या ऐंशी टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेला टायर तसाच फुगवायचा नाही, खोलून बघायचा. हवा असताना रिंगेवर हातोडा मारून "बसवणं" हा तर सरळ मरण ओढवून घेण्याचा प्रकार आहे, मारणारा कितीही जुना उस्ताद असो.

ज्यांच्याकडे पन्नास-साठच्या दशकांतला अमेरिकन ट्रक आहे त्यांनी एक गोष्ट जरूर तपासावी. चाकाला वेगळी लॉक रिंग दिसत नसेल आणि रिमेचे दोन अर्धे मधोमध एकमेकांत अडकलेले असतील, तर ती फायरस्टोनची आरएच-५ जातीची रिम असू शकते. तिकडे तिला 'विधवा करणारी' म्हणतात. बऱ्याच दुकानांत तिला हातही लावत नाहीत. त्यावर रेडियल घालायचा की नायलॉन हा प्रश्नच नाही. ती रिम बदला.

ट्यूब वाचायला शिका

चाक उतरवण्याआधी टायरवर आणि रिमेवर एका रेषेत खडूची किंवा रंगाची खूण करा, व्हॉल्व्हच्या बरोबर समोर. शक्य असेल तर ही खूण टायर बसवल्या दिवशीच करून ठेवा. गाडीच्या चार-पाच खेपांनंतर दोन खुणा एकमेकींपासून सरकलेल्या दिसल्या, तर अर्धं निदान तिथेच झालं. टायर रिमेवर फिरतोय आणि ट्यूबला सोबत ओढतोय. व्हॉल्व्ह मात्र रिमेच्या खाचेत अडकलेला, तो कुठे जाणार? आधी तिरका होतो, मग त्याच्या बुडाशी ट्यूब फाटते. हे ठिगळाचं पंक्चर नव्हेच. इथे ठिगळ टिकत नाही आणि नवी ट्यूबही टिकणार नाही.

टायर फिरतो कशामुळे? एक, रिमेच्या बैठकीवर (टायरचा काठ टेकतो त्या जागी) गंजाचे पापुद्रे असतात आणि टायरचा काठ पापुद्र्यावर बसतो, लोखंडावर नाही. पापुद्रा सुटला की पकड सुटली. दोन, बसवताना कोणीतरी ग्रीस किंवा जळकं ऑइल चोपडलेलं असतं. ते सुकत नाही, वर रबर खातं. साबणाचं पाणी किंवा टायर बसवायची पेस्ट वापरा; ती सुकल्यावर पकड परत येते. तीन, हवा कमी. चार, आणि हे हौशी लोकांच्या गाड्यांत जास्त: रिमेच्या बैठकीवर जाड रंगाचे किंवा पावडर कोटिंगचे थर. रंग दिसायला हवा तो बाहेरून. बैठकीवर आणि रिंगेच्या खोबणीत गंज रोखण्यापुरता पातळ प्राइमर बास.

व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेली, पण खुणा जागच्या जागी? मग रिमेच्या खाचेत बोट फिरवा. गंजाने खाल्लेली खाच करवतीसारखी धारदार झालेली असते. कानशीने काठ गोल करा. तसंच, व्हॉल्व्हची लांबी आणि वाक त्या रिमेचाच आहे ना तेही बघा. दुसऱ्या गाडीच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह जबरदस्तीने वाकवून बसवला असेल तर बुडाशी कायमचा ताण राहतो.

ट्यूब रिमेच्या बाजूने, म्हणजे आतल्या घेरावर, लांब चिरली असेल तर फ्लॅप बाहेर काढून उजेडात धरा. फ्लॅपइतकी दुर्लक्षित वस्तू चाकात दुसरी नाही. टायर नवा, ट्यूब नवी, फ्लॅप मात्र मागच्या मालकाच्या काळातला, कडक झालेला, काठावर घडी पडलेली. घडीची धार ट्यूबला कापते. किंवा फ्लॅप दुसऱ्याच रुंदीचा असतो: अरुंद असेल तर ट्यूब त्याच्या काठावरून रिमेत दाबली जाते, रुंद असेल तर टायरच्या काठाखाली चेमटतो. फ्लॅपवर माप छापलेलं असतं, ते रिमेशी आणि टायरशी जुळवा. नव्या टायरबरोबर नवा फ्लॅप, यात काटकसर करू नका.

तिसरा प्रकार खास रेडियलचा. ट्यूब कुठेच फाटलेली नाही, पण बाजूच्या भागावर पातळ झाली आहे, काळी भुकटी सुटली आहे, बारीक छिद्रं आहेत. ही घासून मेलेली ट्यूब. नायलॉनच्या टायरात दोऱ्यांचे थर तिरपे, एकमेकांवर फुली मारून गेलेले असतात, त्यामुळे त्याची बाजू ताठ असते. रेडियलमध्ये दोरे काठापासून काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि रस्त्याच्या बाजूला वरून पट्टा असतो. बाजू मऊ, म्हणून प्रत्येक फेऱ्याला ती जास्त वाकते, आणि आतली ट्यूब तेवढी घासली जाते. रेडियलसाठीच्या ट्यूबवर 'रेडियल' किंवा 'आर' असं छापलेलं असतं. दुकानदार "सब चलता है" म्हणून नायलॉनची देतो. चालते, काही दिवस.

इथेच आणखी दोन गोष्टी. टायरच्या आत कारखान्याचे कागदी स्टिकर असतात, ते ट्यूब घालण्याआधी खरवडून काढा; त्यांचा काठ ट्यूब घासतो. आणि शंखजिऱ्याची पावडर ट्यूब आणि टायरमध्ये हलक्या हाताने लावा. मूठमूठ ओतू नका, ओलाव्याने तिचे खडे होतात आणि तेच घासायला लागतात.

ट्यूबवर घडीची रेष आणि त्या रेषेतच चीर, असं असेल तर एकतर ट्यूब मोठ्या मापाची आहे किंवा हवा एका दमात भरली. पद्धत अशी: थोडी हवा भरून टायरचा काठ बैठकीवर बसवा, मग सगळी सोडा, म्हणजे ट्यूबच्या घड्या मोकळ्या होतात. नंतर पिंजऱ्यात पूर्ण भरा. बिगारी पोरगं सुद्धा हे दोन मिनिटांत करतं, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

आता रिम

मिशेलिनने रेडियलचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं आणि १९४९ मध्ये टायर बाजारात आणला. आपल्याकडे ट्रकला रेडियल रुळायला त्यानंतर कित्येक दशकं गेली. म्हणजे तुमच्या गाडीची रिम ज्याने काढली त्याच्यासमोर नायलॉनच्याही आधीचा सुती दोऱ्यांचा किंवा फार तर नायलॉनचा ताठ टायर होता. ताठ बाजू स्वतः थोडा भार पेलते. रेडियलची बाजू वाकते आणि रिमेच्या काठावर ताण वेगळ्या तऱ्हेने येतो, जमिनीला टेकलेल्या भागापाशी जास्त एकवटून, दर फेऱ्याला. धडधाकट रिमेला याचं काही वाटत नाही. पन्नास-साठ वर्षं ऊस आणि वाळू वाहिलेली, दोनदा वेल्डिंग झालेली रिम मात्र इथेच हार मानते.

म्हणून रेडियल विकत घेण्याआधी रिम तपासा, नंतर नको. रंग पूर्ण काढा. बोल्टच्या भोकांभोवती, हात घालायच्या खिडक्यांच्या कोपऱ्यांत, डिस्क (चाकाची मधली तबकडी) आणि रिमेच्या जोडावर, व्हॉल्व्हच्या खाचेच्या टोकांना आणि लॉक रिंगेच्या खोबणीत तडे असतात. जुनी वर्कशॉपची युक्ती अजून उत्तम चालते: रॉकेल लावा, मुरू द्या, कोरडं पुसा, वरून खडूची भुकटी किंवा चुन्याचा पातळ हात द्या. तडा असेल तिथे थोड्या वेळाने ओली रेष उमटते. खात्री हवी तर लाल-पांढऱ्या स्प्रेची तपासणी करून घ्या, बऱ्याच फॅब्रिकेशनवाल्यांकडे ती असते. चालत्या गाडीवर बोल्टपासून निघालेला तांबूस गंजाचा ओघळ दिसला तर तो रंगाचा दोष समजू नका. एकतर नट सैल आहे किंवा तडा आहे.

तडा गेलेली रिम किंवा रिंग वेल्डिंग करून परत घालायची नाही. यावर मी कुणाशी वाद घालत नाही. टायर चढलेला असताना रिमेला गॅस लावणं तर त्याहून वाईट, आतला टायर तापून फुटतो.

रिंग टायरशिवाय रिकाम्या रिमेवर बसवून बघा. ती खोबणीत सगळीकडे सारखी टेकली पाहिजे, झोका खाता कामा नये, आणि हाताने दाबल्यावर परत उचलता कामा नये. भंगारबाजारातून आणलेल्या रिंगांचा घोळ इथे उघड होतो: माप एकच, पण घडण दुसऱ्या कंपनीची. बसल्यासारखी दिसते. बसलेली नसते. रिम आणि रिंग एकाच बनावटीची असावी, शंका असेल तर जोडी मोडून नवी घ्या.

मापाची गफलत

९.००-२० टायरसाठी रिम ७ इंची, १०.००-२० साठी साडेसात (मापात पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमेचा व्यास, दोन्ही इंचांत; मध्ये 'आर' असेल तर तो रेडियल). १२१० च्या काळातल्या गाड्यांना ९.००-२० असायचे. आज बाजारात १०.०० आर २० सहज मिळतो म्हणून लोक तोच ७ इंचीवर चढवतात. घेण्याआधी टायर कंपनीच्या तक्त्यात त्या टायरसमोर तुमच्या रिमेची रुंदी दिली आहे का ते पाहा. नसेल तर चढतो म्हणून चढवू नका. आपल्याला ९.०० आर २० सुद्धा मिळतो, थोडी शोधाशोध करावी लागते.

रुंदी मोजताना रिमेच्या दोन उभ्या काठांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजायचं. बाहेरून बाहेर मोजलं की ७ ची साडेसात होते आणि सगळं गणित चुकतं. ७ इंच म्हणजे १७८ मिलिमीटर, साडेसात म्हणजे १९०. बैठकही बघा: नंतरच्या रिमांची बैठक पाच अंशांनी उतरती असते, टायरचा काठ तिच्यावर चढत घट्ट होतो. फार जुन्या काही रिमांची बैठक सपाट आहे. त्यांच्यावर आजचा रेडियल घट्ट बसत नाही, आणि वर सांगितलेलं फिरणं तिथूनच सुरू होतं.

मग जोडीचा प्रश्न. रेडियल भाराखाली बाजूला जास्त फुगतो. नायलॉनच्या वेळी दोन टायरमध्ये पुरेशी फट होती म्हणजे रेडियलला ती पुरेल असं नाही, आणि १०.०० घातला असेल तर नाहीच. दोन टायर घासायला लागले की उष्णतेने दोघेही जातात, आणि ट्यूब आधी. ट्रकमध्ये नेहमीचा भार ठेवून खाली जमिनीजवळ फट बघा, वरची बघून काही कळत नाही.

हवा किती?

रेडियलच्या बाजूला जो जास्तीत जास्त दाब छापलेला असतो तो बहुधा जुन्या नायलॉनपेक्षा वरचा असतो, १६ प्लायच्या (प्लाय म्हणजे टायरची ताकद सांगणारा आकडा) टायरला १२० पौंडांच्या आसपास. तो आकडा पूर्ण भारासाठी आहे. हौसेच्या गाडीत एवढा भार नसतो, आणि जुनी रिम एवढ्या दाबासाठी बनलेली असेलच असंही नाही. टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यावरून तुमच्या खऱ्या वजनाला लागणारा दाब काढा. त्यासाठी वजनकाट्यावर पुढची आणि मागची धुरी वेगवेगळी तोला, पावतीचे पैसे फार नसतात. दाब सकाळी, टायर थंड असताना बघायचा. आणि रेडियल खाली थोडा पसरलेला दिसतो म्हणून "हवा कमी वाटते" म्हणत भरत बसू नका, त्याची बाजू तशीच दिसते. उलटही खरं आहे: नजरेने किंवा लाथेने हवा कळत नाही. मीटर घ्या.

एकाच धुरीवर, आणि जोडीत तर मुळीच, रेडियल आणि नायलॉन मिसळायचे नाहीत. स्टेपनीलाही हे लागू आहे, त्यामुळे सहाच नाही, सातवं चाकही त्याच जातीचं हवं.

नट

चाक बसवताना नटाखालचा, डिस्कच्या पाठीचा आणि हबच्या तोंडाचा रंग खरवडून लोखंड उघडं करा. जोडीच्या दोन डिस्कांमधलाही. रंगाचा थर भाराखाली दबतो, नट जागच्या जागी सैल होतो, आणि मग डिस्कची भोकं अंडाकृती होतात. पुण्याजवळच्या एका गॅरेजमधून चकचकीत पावडर कोटिंग होऊन आलेल्या चाकांत मी हेच पाहिलं: रंग काचेसारखा, नट हाताने फिरत होते. पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर सगळे नट परत आवळा. डॉजवाल्यांनी आणि जुन्या जीपवाल्यांनी लक्षात ठेवावं की डाव्या बाजूचे आटे उलटे असू शकतात. लांब पाइप लावून चुकीच्या दिशेला लोंबकळणारे बरेच जण पाहिलेत.

स्टिअरिंग जड झालं ही तक्रार बरोबर येतेच. उभ्या गाडीला रेडियल थोडा जड वाटतो, ते चालायचंच. पण चालताना गाडी एका बाजूला भटकत असेल तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खुंटी) आणि बुश बघा. नायलॉनच्या वेळी ते झिजलेलेच होते, आता जाणवतात एवढंच. टो-इनही (पुढच्या चाकांचा आत वळलेला कल) परत बघून घ्या, रेडियलला ते सहसा कमी लागतं.

१६ इंचीवाल्यांसाठी

महिंद्रने १९४७ पासून इथे जोडलेल्या विलीज जीपच्या ६.००-१६ टायरला साडेचार इंची रिम असते, एकसंध, मध्ये खड्डा असलेली. तिथे लॉक रिंगेचा धोका नाही, पण रुंदीचा प्रश्न जास्त टोकाचा आहे. २३५/८५ आर १६ सारखा टायर दणकट दिसतो, पण त्याला किमान ६ इंची रिम लागते आणि उंची जवळजवळ ८०६ मिलिमीटर होते, मूळ टायर सव्वासातशे-साडेसातशेच्या घरात. साडेचारवर तो कोंबला की काठ एकमेकांजवळ ओढले जातात, टायरचा मधला भाग फुगीर होतो आणि फक्त मध्येच झिजतो. वर स्टिअरिंग वळवलं की स्प्रिंगला लागतो ते वेगळंच. अरुंद मापाचा रेडियल शोधा, नाहीतर मूळ नक्षीचा नायलॉन ठेवा. सावकाश चालणाऱ्या जीपला त्यात काही कमी पडत नाही.

लष्करी डॉजला (९.००-१६ टायरवाला) आणि लष्करी जीपला दोन तुकडे बोल्टने जोडलेली रिम असू शकते. त्यात चाक काढायचे नट वेगळे आणि रिम फोडायचे नट वेगळे. हवा असताना चुकून दुसरे उघडले तर काय होईल ते वर लिहिलंच आहे. रिम फोडायचे नट लाल रंगवून ठेवा.

आणि रॉकेल-खडूच्या परीक्षेत मूळ रिम नापास झाली, तर नंतरच्या गाड्यांची ७ इंची नवी रिम बसते का ते बघा: बोल्टांची संख्या, त्यांचं वर्तुळ, मधलं भोक आणि डिस्कची खोली, चारही जुळायला हवीत. तीन जुळली म्हणून घेऊन येऊ नका. खोली चुकली तर जोडीची फट परत कमी होते, आणि ट्यूबची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.